भगिनींस पत्र
सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीस मिळते. गुरु मीन राशीस आला म्हणजे तेथें पुष्कर भरतो. मागील पुष्कर एप्रिल २०२२ मध्यें झाला. घरीं राहिलेल्या स्त्रियांच्या वांट्यास संगमोदकाचा गडू येतो. वृत्तांत मात्र क्वचितच! चौथ्या शतकांत एजेरिया नांवाच्या ख्रिस्ती यात्रेकरणीनें यरुशलेम, सीनाय इत्यादि क्षेत्रें पाहून आपल्या दूरस्थ भगिनींस सविस्तर पत्र लिहिलें. सीनायचा चढ भिंतीसारखा उभा. खुर्चींतून जाणें अशक्य, म्हणून ती पायींच चढली. प्रत्येक स्थळीं ती तेथलाच शास्त्रपाठ वाचवून घेई. आपलें स्थलमाहात्म्यच म्हणाना! या पत्राची खंडित प्रत १८८४ सालीं इटलींत सांपडली. तिचा आरंभ व शेवट गहाळ आहे. बाईचें नांवही सातव्या शतकांतील एका साधूच्या पत्रावरून ठरवावें लागलें.