पुरुषाने उन्हात छत्री का धरू नये?

मराठी पुरुषाच्या आयुष्यात छत्रीला वर्षातले चारच महिने प्रवेश असतो. जूनमध्ये ती माळ्यावरून उतरते आणि सप्टेंबरअखेर दोन काड्या मोडून परत माळ्यावर जाते. एप्रिलच्या भर दुपारी, डांबर पाघळत असताना एखाद्या पुरुषाने छत्री उघडली, तर लोक त्याच्याकडे असे बघतात, की जणू त्याने बायकोचा पदर डोक्यावरून घेतला आहे! मग हाच पुरुष पंचेचाळिशीत आरशासमोर उभा राहतो, गालावरचा तपकिरी ठिपका नखाने खरवडतो आणि विचारतो, "हे काय नवीनच?"

नवीन काही नाही हो. मी बी. कॉम. झालेला मनुष्य. त्वचेचे शास्त्र मला कळावे, अशी अपेक्षा विद्यापीठानेही कधी केली नाही. पण हिशेब कळतो. कातडी हे एक खाते आहे. ऊन त्यात रोज नावे पडते आणि स्टेटमेंट मात्र वीस-वीस वर्षांनी येते. उन्हातले अतिनील किरण लागले, की कातडीतल्या रंगपेशी बचावासाठी रंग तयार करतात. वर्षानुवर्षे हेच चालले, की काही जागी हा कारभार कायमचा वाढून बसतो आणि सपाट तपकिरी डाग उमटतो. म्हणून तर हे डाग चेहऱ्यावर, हाताच्या पाठीवर, टकलावर येतात. बनियनच्या आत येत नाहीत. इंग्रजीत यांना 'लिव्हर स्पॉट' म्हणतात. तेवढ्यावर विसंबून आमच्या शाखेतल्या एकाने पंधरा दिवस कारल्याचा रस घेतला. यकृताचा या डागांशी काडीचा संबंध नाही. पंधरा दिवस त्याचे तोंड कडू होते. काउंटरवरच्या गिऱ्हाइकांना फरक जाणवला नाही, ही गोष्ट वेगळी.

"आम्ही बाबा सावलीत काम करतो," असे खिडकीशेजारी बसणारे सांगतात. खिडकीची काच उन्हातले एका जातीचे किरण बरेचसे अडवते. दुसऱ्या जातीचे सरळ आत येतात. 2012 साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. वय 69, नोकरी 28 वर्षे. तिकडे चालक डावीकडे बसतो. त्याचा उजवा गाल वयाला शोभेल असा आणि डावा गाल त्याच्या वडिलांचा वाटावा असा सुरकुतलेला!

आता उपायांकडे वळू. इथे मात्र मला भांडायचे आहे.

पुरुषाला छत्रीची लाज वाटते, ट्यूबची वाटत नाही. गोरेपणाच्या क्रीमने 1975 पासून आधी बायकांना गाठले. 2005 साली खास पुरुषांसाठी वेगळी ट्यूब आली. 2020 साली त्या जुन्या क्रीमच्या नावातला 'फेअर' जाऊन 'ग्लो' आला. पाटी बदलली, दुकान तेच. पण ही क्रीमे परवडली म्हणावी, अशा ट्यूबा औषधांच्या दुकानात मिळतात. "डागावर काहीतरी द्या," म्हटले, की काउंटरवरचा पोऱ्या स्टेरॉइड मिसळलेले मलम पुढे करतो. आठ दिवसांत चेहरा उजळतो. काही महिन्यांत कातडी पातळ होते, पुटकुळ्या येतात, नको तिथे केस उगवतात. आणि मलम थांबवले, की सगळे दुप्पट होऊन उलटते. 2018 साली सरकारने अशी चौदा स्टेरॉइडे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. बंदी कागदावर आहे, मलम गालावर आहे.

घरगुती उपायवाले लिंबू चोळायला सांगतात. लिंबाचा रस लावून उन्हात गेलात, तर कातडी भाजते आणि तिथेच आणखी काळा डाग पडतो. त्यापेक्षा सरबत करून प्या.

खरे उपाय आहेत. डाग फिका करणारी मलमे डॉक्टर देतात, द्रव नायट्रोजनने डाग गोठवतात, लेसरने उडवतात. पण आपल्या सावळ्या कातडीला चटका जरा जास्त बसला, की जुना डाग जातो आणि त्याच जागी नवा, जास्त गडद डाग येऊ शकतो. आणि एवढे सगळे करून पुन्हा उघड्या डोक्याने बाजारात गेलात, की खाते पुन्हा सुरू.

तुम्ही म्हणाल, सनस्क्रीन आहे की! जरूर लावा. 30 आकड्याचे सनस्क्रीन भाजणारे किरण सुमारे 97 टक्के अडवते, 50 आकड्याचे 98 टक्के. एका टक्क्याची किंमत मुदत ठेवीवर जगणाऱ्या पेन्शनराला विचारा. दुकानदार ती न विचारता वसूल करतो. शिवाय ते चेहऱ्यावर आणि मानेवर दोन बोटे भरून लावायचे आणि उन्हात दर दोन तासांनी पुन्हा लावायचे. आम्ही लावतो कसे? टिळ्याएवढे, सकाळी एकदा.

छत्री पुन्हा पुन्हा लावावी लागत नाही. आमच्या गांधी टोपीला कड नाही, म्हणून नाक उन्हातच राहते; फेट्याचा शेमला निदान मान तरी झाकतो. पुण्यातल्या मुली स्कूटरवर तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, म्हणून आम्ही किती विनोद केले! हिशेब त्यांचाच बरोबर निघाला.

कोणी म्हणेल, डाग निरुपद्रवी, मग एवढा आटापिटा कशाला? अगदी मान्य. असलेला डाग मिरवा, पिकलेल्या मिशीसारखा. पण ज्या डागाची कड वेडीवाकडी होते, रंग दोन-तीन छटांत फुटतो, जो वाढतो किंवा ज्यातून रक्त येते, तो डाग ट्यूबचा नव्हे, डॉक्टरचा. आपल्याकडे कातडीचा मेलानोमा हा कर्करोग कमी. पण झाला तर पुष्कळदा तळपायावर, तळहातावर, नखाखाली होतो. आणि तळपाय कोणता पुरुष बघतो? मलम चोळत सहा महिने घालवणे इथे महागात पडते.

तेव्हा यंदा मार्चमध्येच छत्री खाली काढा. काळी चालेल, फुलाफुलांची असली तरी चालेल. मुलगा क्रिकेटला जात असेल, तर त्याला कडेची टोपी द्या. त्याचे खाते आजच उघडले आहे. रस्त्यावरचे हसतील. हसू देत. त्यांची स्टेटमेंटे अजून निघायची आहेत.