कोपनहेगनला उतरा, पण शहराकडे वळू नका

मुलगी लुंडच्या विद्यापीठात शिकते, मुलगा माल्मोत नोकरी करतो. दोन्ही गावं स्वीडनमधली, आणि विमानाचं तिकीट मात्र डेन्मार्कमधल्या कोपनहेगनचं. पुण्याकडचे कितीतरी आईवडील असे जातात. कंपनीच्या कामाला जाणारेही आहेत, कारण चाकणला कारखाना असलेल्या टेट्रा पॅकचा जन्म लुंडचा आणि दापोडीत कारखाना असलेल्या अल्फा लाव्हलचं मुख्यालयही लुंडलाच. एका परक्या देशात उतरून लगेच रेल्वेने दुसऱ्या देशात जायचं, या विचारानेच काहींच्या पोटात गोळा येतो. अंतर बघाल तर हसाल. विमानतळापासून माल्मो वीस-पंचवीस मिनिटांवर, लुंड त्याच्या पुढे दहा-पंधरा मिनिटांवर. दादरहून ठाण्याला जाण्यासारखंच. धांदल होते ती अंतरामुळे नाही, वाटेत कागद दाखवावे लागतात म्हणून.

तेव्हा पहिली गोष्ट पासपोर्टची. दुबई किंवा दोह्याला विमान बदललं असेल तर तपासणी कोपनहेगनला होईल. फ्रँकफर्ट किंवा ॲमस्टरडॅमला बदललं असेल तर ती तिथेच उरकते आणि कोपनहेगनला तुम्ही सरळ बाहेर पडता. इथेच लोक फसतात. आता पासपोर्टचं काम संपलं, असं समजून तो मोठ्या बॅगेत, साड्यांच्या घडीखाली ठेवून देतात. तसं करू नका. रेल्वेने दोन देशांमधला समुद्रावरचा पूल ओलांडल्यावर स्वीडनचं पहिलं स्टेशन येतं हिल्ली. तिथे स्वीडनचे पोलिस गाडीत चढून पासपोर्ट बघू शकतात. नोव्हेंबर २०१५मध्ये, युरोपात निर्वासितांचे लोंढे येत होते तेव्हा, ही तपासणी सुरू झाली. दर वेळी, प्रत्येकाची होईलच असं नाही, पण होणारच असं धरून चाला. जागेवर बसून राहा आणि पासपोर्ट हातात ठेवा. मुलाचा पत्ता व फोन नंबर कागदावर लिहिलेला असू द्या, फोनची बॅटरी संपली तरी कागद चालतो. रहिवासी परवान्याचं कार्ड असेल तर तेही वरच्या खिशात हवं.

एक शंका नेहमी विचारली जाते. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर डेन्मार्कमधून स्वीडनमध्ये गेल्यावर तो वापरून संपला असं होतं का? नाही होत. दोन्ही देश शेंगेन क्षेत्रात आहेत. त्या क्षेत्राबाहेर पडलात तरच प्रवेश संपतो. व्हिसा स्वीडनने दिलेला असला तरी डेन्मार्कमध्ये उतरता येतं. अधिकाऱ्याने विचारलं तर सरळ सांगा, लेकीकडे लुंडला चाललोय.

तिकीट गाडीत बसण्याआधीच काढायचं. आपल्याकडच्यासारखं गाडीत टीसीला गाठून पावती फाडून घेऊ, असा विचार करू नका. दंड घसघशीत असतो. सगळ्यात सोपं म्हणजे मुलांनाच स्कोनेत्राफिकेन या तिथल्या वाहतूक संस्थेच्या ॲपवरून तिकीट पाठवायला सांगा. त्यासाठी ते ॲप तुमच्या फोनमध्ये घरूनच टाकून न्या. स्क्रीनशॉटवर विसंबू नका. ते जमणार नसेल तर विमानतळाच्या टर्मिनल तीनमध्ये तिकिटाची यंत्रं आहेत, तिथे कार्ड आणि पिन चालतो. आता हे कार्ड प्रकरण नीट ऐका. रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमांमुळे आपली नवी कार्डं फक्त देशात चालतील अशीच मिळतात. परदेशातला वापर बँकेच्या ॲपमधून आपण सुरू करायचा असतो. तो निघण्याआधी सुरू करा. ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो, तेव्हा ते सिम चालू ठेवा. रोख पैशांच्या नादी लागू नका. डेन्मार्कचा क्रोन आणि स्वीडनचा क्रोना ही वेगळी चलनं आहेत, युरो दोन्हीकडे नाही, आणि स्वीडनमध्ये रोकड घेणारी दुकानं शोधावी लागतात.

टर्मिनल तीनमध्येच मेट्रोही आहे आणि रेल्वेही. मेट्रो फक्त कोपनहेगन शहरात जाते, तुमच्या कामाची नाही. रेल्वेचे फलाट खाली आहेत. फलकावर माल्मो हे नाव ठळक दिसेलच असं नाही, कारण गाडीच्या शेवटच्या स्टेशनाचं नाव लावलेलं असतं. गोथेनबर्ग, काल्मार, कार्ल्सक्रोना यांपैकी काही दिसलं तर दिशा बरोबर आहे. त्या राखाडी ओरेसुंड गाड्या. दिवसा तासाला तीन-चार असतात, रात्री उशिरा साधारण एकच. म्हणून दिवसा डोळ्यांदेखत एखादी सुटली तर चार बॅगा घेऊन धावू नका. स्वीडनच्या लांब पल्ल्याच्या जलद गाड्याही इथून सुटतात. त्यांचं आरक्षण वेगळं, प्रादेशिक तिकिटावर त्यात चढता येत नाही.

सामान जास्त असेल तर मधला डबा धरा. त्यात फलाटाच्या पातळीजवळची खालची जागा असते, बॅगा उचलाव्या लागत नाहीत. शांततेचं चिन्ह असलेला भाग दिसला तर तिथे बसू नका, कारण तुम्ही घरी पोचल्याचा फोन करणार आणि सगळा डबा वळून बघणार. विमानतळ सुटला की गाडी समुद्राखालच्या सुमारे चार किलोमीटरच्या बोगद्यात शिरते. पुलाचे उंच खांब विमानांच्या वाटेत येऊ नयेत म्हणून हा भाग समुद्राखालून नेला. मग पेबरहोल्म हे माणसाने घडवलेलं बेट लागतं आणि पुढे जवळजवळ आठ किलोमीटरचा पूल, वर मोटारी आणि खाली रेल्वे. १ जुलै २०००ला तो खुला झाला. फोटो काढायचाच असेल तर बोगद्यातून बाहेर आल्यावर काढा, आणि बॅगांवर एक डोळा ठेवा. विमानतळाच्या फलाटावर तर दोन्ही डोळे.

हिल्लीनंतर ट्रायांगेल्न, मग माल्मो सेंट्रल. माल्मोत राहणाऱ्या मुलांना आधीच विचारून ठेवा, यांतलं कुठलं जवळचं. सेंट्रलला उतरून उलटं मागे येण्यात काही अर्थ नाही. लुंडच्या पलीकडे जायचं असेल तर आपला डबा तिथपर्यंत जातो ना, हे आतल्या फलकावर बघा. काही गाड्यांचे डबे वाटेत वेगळे होतात.

परतीला मात्र जास्त वेळ हाताशी ठेवा. पुलावर जोराचा वारा सुटला किंवा बिघाड झाला तर गाड्या अडकतात, आणि टॅक्सीने जायचं म्हटलं तर भाड्यावर पुलाचा टोल चढतो. फलकावर कोपनहेगन किंवा ऑस्टरपोर्ट असेल ती गाडी घ्या. पूल आणि बोगदा संपला की पहिलंच स्टेशन विमानतळाचं. बोगदा लागला की बॅगा काढायला घ्या.