माथेरानची शिरगणती

चार हजारांची वस्ती म्हणजे देवळ्याच्या आम्हां मंडळींस खेडेच वाटावयाचे. परंतु रायगड जिल्ह्यातील माथेरानास 1905 पासून नगरपालिका आहे. तेथील खानेसुमारी 2001 साली 5,139 भरली, ती 2011 साली 4,393 वर आली. गाव ओसरले, असे म्हणणारे घाई करितात. रहिवासी घटले हे खरे, पण काम घटले नाही. शिरगणतीचा हिशेब 1 मार्चचा. वैशाखातील पाहुणे तीत कोठून येणार? त्यांची मोटार दस्तुरी नाक्यापाशी थांबते. पुढे त्यांचे ओझे वाहणे, घोडे हाकणे, पाणी पुरविणे, केर काढणे हे सारे त्या थोडक्या रहिवाशांच्या माथी! सरकारने अनुदान ठरविताना केवळ डोकी मोजू नयेत; पाहुण्यांनी मागे टाकिलेला केरही मोजावा.