गतीआधी झोप मोजा

स्वदेशी प्रोसेसरची बातमी आली की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो : किती गिगाहर्ट्झ? हातात धरायच्या संगणकाबाबत हा प्रश्न दुय्यम आहे, असे माझे मत आहे. असा संगणक दिवसाचा बहुतेक काळ काहीच करत नसतो. तेव्हा तो किती गाढ झोपतो आणि त्याला उठवण्याचा अधिकार कोणाला आहे, हे आधी विचारले पाहिजे.

याचे उदाहरण बंगळुरूचेच आहे. भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि एन्कोअर सॉफ्टवेअर कंपनीतील अभियंते यांनी 1999 मध्ये सिम्प्युटर ट्रस्ट स्थापन केला. 2001 मध्ये सिम्प्युटर लोकांसमोर आला. एकच यंत्र गावातील अनेकांनी स्मार्टकार्डाच्या आधारे वापरावे, ही त्यामागची कल्पना. जिथे विजेचा भरवसा नाही तिथे बॅटरी हाच आधार. त्यातील स्ट्राँगआर्म प्रोसेसरला तीन अवस्था होत्या : जागृत, विश्रांत आणि निद्रिस्त. विश्रांत अवस्थेत गाभ्याचे घड्याळ-स्पंद थांबत. निद्रेत गाभ्याचा वीजपुरवठाच तुटे आणि कालमापक घड्याळ व उठवणाऱ्या संकेतांवर लक्ष ठेवणारा छोटासा परिपथ एवढेच जागे राही. सिम्प्युटर बाजारात टिकला नाही हे खरे. पण त्याने मांडलेला प्रश्न शिळा झालेला नाही.

हा भेद भौतिकीतून येतो. स्पंदांमुळे खर्च होणारी शक्ती ही धारिता, व्होल्टेजचा वर्ग आणि वारंवारता यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. स्पंद थांबले की हा खर्च थांबतो. परंतु व्होल्टेज असेपर्यंत ट्रान्झिस्टरमधून झिरपणारा प्रवाह चालूच राहतो. म्हणून गाढ झोपेसाठी पुरवठा तोडावाच लागतो.

एक सोपे गणित करून पाहा. बॅटरी 750 मिलिअँपिअर-तासांची, जागेपणीचा प्रवाह 250 मिलिअँपिअर आणि झोपेतला 1 मिलिअँपिअर माना. सतत जागे राहिल्यास यंत्र 3 तास चालेल. सतत झोपल्यास 750 तास, म्हणजे सुमारे 31 दिवस. आता एखादे अ‍ॅप त्याला दर मिनिटाला केवळ 5 सेकंद उठवते, असे समजा. सरासरी प्रवाह सुमारे 22 मिलिअँपिअर होतो आणि 31 दिवसांचे जेमतेम 34 तास उरतात. प्रोसेसर कितीही उत्तम असो, अशा चाळवाचाळवीपुढे तो हतबल आहे.

याउलट, उठवणारा संकेत हरवला तरी अनर्थच. यंत्र झोपी जाण्याच्या तयारीत असतानाच फोन आला तर? झोपेचा निर्णय झालेला असतो आणि संकेत दुर्लक्षिला जातो. लिनक्समध्ये यावर 2010 मध्ये उपाय आला : उठवणाऱ्या घटनांची मोजणी ठेवायची आणि झोपण्यापूर्वीचा आकडा मधल्या काळात बदलला असेल तर झोप रद्द करायची. कल्पना साधी आहे, पण तिच्याविना विश्वासार्ह झोप शक्य नाही.

मी हे महादेवपुऱ्यातून लिहीत आहे. येथून जवळच, मारतहळ्ळीला, इस्रोचे उपग्रह-चाचणीचे संकुल आहे. चांद्रयान-3 च्या विक्रम व प्रज्ञान यांना सप्टेंबर 2023 मध्ये निद्रावस्थेत नेताना त्यांचे रिसीव्हर मात्र चालू ठेवले होते. 22 सप्टेंबरला हाक दिली, प्रतिसाद आला नाही. चंद्रावरच्या रात्रीची थंडी सोसण्यासाठी ती याने घडवलेलीच नव्हती. तरीही सगळे निजवताना काय जागे ठेवायचे, हा निर्णय तिथेही घ्यावाच लागला.

म्हणून माझी मागणी अशी : आयआयटी मद्रासचा शक्ती असो वा सी-डॅकचा वेगा, त्यांच्यावर आधारलेल्या प्रत्येक हातसंगणकाच्या घोषणेत गतीबरोबरच झोपेतला प्रवाह, जागे होण्यास लागणारा वेळ आणि उठवू शकणाऱ्या संकेतांची यादी प्रसिद्ध व्हावी. ती यादी बदलण्याचा अधिकार वापरकर्त्यालाही असावा. आणि विद्यार्थ्यांनो, प्रकल्पासाठी छोटा बोर्ड घ्याल तेव्हा आधी मल्टिमीटर जोडून त्याचा झोपेतला प्रवाह मोजा. पुढच्या बातमीत कोणता आकडा गाळला आहे, ते मग तुमच्या लगेच लक्षात येईल.