तीनशे साठ युनिटांची रेघ

मे महिन्यात नांदेडचा पारा बेचाळिसाच्या वर गेला की कंधार-मुखेडकडच्या पत्र्याच्या खोलीत पंखा बंद करायची सोय उरत नाही. आणि नेमका तोच पंखा त्या घराची वीजसवलत घालवतो.

दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकांसाठी वीज नियामक आयोगाने सर्वांत स्वस्त दर ठेवला आहे. त्यासाठी वर्षाचा वापर ३६० युनिटांच्या आत, म्हणजे महिन्याला तीस, हवा. हिशेब करून पाहावा. ७५ वॅटचा पंखा रोज सोळा तास फिरला तर महिन्याला ३६ युनिट होतात. नऊ वॅटचे दोन दिवे सहा-सहा तास लावले तर आणखी तीन. टीव्ही अजून धरलेलाच नाही. वर्षाची बेरीज मर्यादेपुढे गेली की घर सर्वसाधारण घरगुती वर्गात जाते. नियमाप्रमाणे ते पुन्हा मागे येत नाही, पुढच्या वर्षी वापर निम्म्यावर आणला तरीही.

दिवाळीनंतर कुलूप लावून ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे मीटर चार-पाच महिने फिरतच नाही, म्हणून ते रेघेच्या आत राहते. म्हातारी आई आणि दहावीतली पोर गावीच ठेवली की ओलांडते. पोरीची शाळा न सोडवणाऱ्या घरालाच हा नियम महाग पडतो, हे दरवाढीच्या जनसुनावणीत कुणीतरी मोठ्याने सांगायला हवे.

लातूरचे विलासराव देशमुख मुख्यमंत्री असताना, ६ जून २००५ रोजी, वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण ही वेगळी कंपनी झाली. आता दर आयोग ठरवतो, वसुली कंपनी करते, अनुदान सरकार देते. गरिबाने दाद कुणाकडे मागायची?

जोडणी देण्याचे काम मात्र झाले. २०१७ मध्ये घरोघरी वीजजोडणीची केंद्राची ‘सौभाग्य’ योजना आली. २०२१ च्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवनप्रकाश योजनेत अनुसूचित जाती-जमातींच्या घरांना ५०० रुपये अनामत पाच हप्त्यांत भरता आली. ही खरी सोय होती.

२०२५ च्या ‘स्मार्ट’ योजनेत छतावरच्या एक किलोवॅट सौर यंत्रणेसाठी दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाने २,५०० रुपयेच भरायचे. बाकीचे ३०,००० केंद्राचे, १७,५०० राज्याचे. रेघ ओलांडलेल्या, सर्वसाधारण गटातल्या (अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या) ग्राहकाला १०,००० मोजावे लागतात. मर्यादा निदान ५०० युनिटांवर न्यावी आणि परतीची वाट उघडावी, ही मागणी अवाजवी नाही.

लातूरच्या गंजगोलाई बाजारपेठेत हमाली करून किरायाच्या खोलीत राहणाऱ्याला तर सौर योजनेचाही उपयोग नाही. छत मालकाचे, मीटरही बहुधा त्याच्याच नावावर.