कळ तीच, अक्षर दुसरे

संगणकावर मराठी लिहिता येते, हे आता कोणाला नव्याने सांगावे लागत नाही. परंतु कळफलक मराठी ठेवून संगणकाकडून बाकीची कामेही सुखाने करून घेता येतात काय, हा प्रश्न निराळा आहे. दोन परिच्छेद लिहून झाले, मजकुराची नक्कल घ्यावी म्हणून 'कंट्रोल' आणि 'सी' या कळा दाबल्या, तर काही प्रोग्रॅममध्ये काहीच घडत नाही. खेळ सुरू असेल तर त्यातला गडी जागचा हलत नाही. पासवर्ड बरोबर असूनही यंत्र तो नाकारते, कारण ठिपक्यांच्या आड मराठी अक्षरे उमटत असतात. मग आपल्याकडचा माणूस सहज बोलून जातो, "मराठी टाकली का कम्प्युटर बिघडते बाप्पा!" आणि तो मराठी कळफलक कायमचा बंद करून टाकतो. माझा आक्षेप या शेवटच्या कृतीला आहे. कारण दोष मराठीचा नाही, आणि बहुतेक वेळा यंत्राचाही नाही.

मुळात घडते काय, ते पाहू. कळ दाबली की कळफलक यंत्राला अक्षर कळवीत नाही. कोणत्या जागेची कळ दाबली गेली, तेवढा क्रमांक कळवितो. त्या क्रमांकाचे अक्षर कोणते समजायचे, हे त्या वेळी निवडलेला आराखडा ठरवितो. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली प्रमाण ठरविलेल्या इनस्क्रिप्ट आराखड्यात इंग्रजी 'सी'च्या कळेवर 'म' आहे आणि 'के'च्या कळेवर 'क'. खेळात पुढे-मागे जाण्यासाठी 'डब्ल्यू, ए, एस, डी' या कळा वापरतात. त्यांच्या जागी मराठीत दोन मात्रा, ओकार, एक मात्रा आणि हलन्त येतात. आता प्रोग्रॅमने "कोणती कळ दाबली?" असे विचारले तर काम होते. त्याने "कोणते अक्षर आले?" असे विचारले तर त्याला 'म' मिळतो, आणि 'म' आला असता काय करावे हे त्याला कोणी शिकविलेलेच नसते.

विंडोजमध्ये मराठी आराखड्यातही कळांची इंग्रजी ओळख मागे कायम ठेवलेली असते, म्हणून नक्कल करणे, चिकटविणे यांसारख्या आज्ञा सहसा चालतात; अडतात ते अक्षर वाचणारे खेळ आणि एका अक्षरावर चालणारी साधने. लिनक्समध्ये पुष्कळदा मराठी अक्षरच प्रोग्रॅमपुढे जाते. काही प्रोग्रॅम स्वतःहून त्यामागची इंग्रजी कळ शोधतात, काही शोधत नाहीत.

ही अडचण केवळ आपली नाही. फ्रेंच कळफलकावर 'ए' आणि 'क्यू' यांच्या जागा बदललेल्या असतात, जर्मनवर 'वाय' आणि 'झेड' यांच्या. रशियन माणसाला तर आपल्यासारखीच सगळी लिपी बदलावी लागते. म्हणून वेबच्या प्रमाणकांत आता कळेची जागा आणि कळेचे अक्षर या दोन गोष्टी वेगवेगळ्या कळविण्याची सोय आहे. खेळासाठी जागा पाहावी, आज्ञेसाठी अक्षर पाहावे, आणि ते अक्षर रोमन नसेल तर पुन्हा जागेकडे वळावे, एवढा साधा विवेक प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने बाळगला तर हा प्रश्नच उरत नाही.

तोवर आपण काय करावे? प्रथम पडद्याच्या कोपऱ्यातील भाषेची खूण पाहावी. विंडोजची कळ आणि लांब कळ एकत्र दाबली की भाषा बदलते. 'आल्ट' आणि 'शिफ्ट' यांनीही ती बदलते, आणि खेळताना या दोन कळा नकळत दाबल्या जातात. तेव्हा ती सोय बंद करून ठेवावी. प्रत्येक खिडकीला वेगळी भाषा ठेवण्याची सोय विंडोजच्या सेटिंगमध्ये आहे. ती सुरू केली की लेखनाच्या खिडकीत मराठी आणि बाकी ठिकाणी इंग्रजी राहते. लिनक्सवर आराखड्यांच्या यादीत इंग्रजी पहिले ठेवल्याने पुष्कळदा काम भागते. भाषा परत बदलूनही प्रोग्रॅम ऐकत नसेल तर तो बंद करून पुन्हा उघडावा. काही प्रोग्रॅम आराखडा सुरुवातीला एकदाच वाचतात. आणि काहीच न सुचले तर माउसने मेनू उघडावा. बाणांच्या कळा व 'एंटर' यांना भाषा नसते.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? जुन्या फाँटमध्ये ही कटकट नव्हती. खरे आहे, नव्हती. कारण त्यांपैकी पुष्कळ फाँटमध्ये यंत्राच्या लेखी आपण इंग्रजीच लिहीत होतो. अक्षरांनी फक्त देवनागरीचा अंगरखा घातला होता. तो फाँट नसलेल्या यंत्रावर मजकूर नेला की अंगरखा गळून पडे आणि कोणाला न वाचता येणारी रोमन अक्षरे उरत. युनिकोडमध्ये 'म' हा खराच 'म' असतो; तो शोधता येतो, अनुक्रमे लावता येतो, जगात कोठेही वाचता येतो. थोडी अडचण येते ती मराठी खरी झाली म्हणून.

दुसरा मार्ग रोमन अक्षरांत मराठी लिहिण्याचा. तो सोपा आहे आणि म्हणूनच घातक आहे. 'न' आणि 'ण', 'ल' आणि 'ळ' हे भेद ज्या बोटांनी वर्षानुवर्षे केलेच नाहीत, त्या बोटांकडून उत्तरपत्रिकेत शुद्धलेखनाची अपेक्षा कशी करावी? उलट इनस्क्रिप्ट आपल्या वर्णमालेच्या शिस्तीने चालते: स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला, 'क'च्याच कळेवर 'शिफ्ट'ने 'ख'. आणि जी कळ मराठीत 'क' देते तीच बंगालीत, तमिळमध्ये त्या त्या लिपीतला 'क' देते.

म्हणून माझी सूचना लहानशी आहे. महाविद्यालयांच्या संगणककक्षांत प्रत्येक यंत्रावर इंग्रजी आणि मराठी हे दोन आराखडे सारख्याच क्रमाने लावलेले असावेत आणि वर सांगितलेल्या चार-दोन युक्त्यांचा कागद भिंतीवर असावा. कला शाखेच्या विद्यार्थ्याने हे "सायन्सवाल्यांचे काम" म्हणून सोडू नये. भाषा आपला विषय आहे, आणि आज ती पेनापेक्षा कळांतून अधिक लिहिली जाते.

आपल्या गावाचे नाव इतिहासाच्या पुस्तकात आहे ते ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात झालेल्या तहामुळे. तो तह हरलेल्या बाजूने मान्य केला होता. कळफलकावर मराठी आणि इंग्रजी यांनी एकत्र नांदावे, याविषयी दुमत नाही. मात्र हा तह बरोबरीच्या नात्याने व्हावा, आणि यंत्र अडले की दर वेळी मराठीनेच माघार घ्यावी, असे त्याचे कलम नसावे.