पाणवठा : पोरी तोंडावर हात का धरतात?

पांढरकवड्याकडच्या एका शाळेत दंतशिबिर होतं, फोटो काढायचा होता. 'हसा' म्हणताच चौथीच्या तीन-चार पोरींचे हात तोंडावर गेले. लाजताहेत, असं वाटलं. एकीचा हात जरा खाली आला तेव्हा वरचे दोन मोठे दात दिसले. त्यांवर खडूनं ओढल्यासारखे पांढरे पट्टे होते, मध्येच चहा सांडल्यासारखा तपकिरी डाग. बाई म्हणाल्या, "कितीदा सांगते, दात घासत जा." पोरीची आई दाराशीच उभी होती. "घासते ना बाई. राखुंडीनं घासते, मिठानं घासते. जातच नाही."

जाणारही नाही, कारण तो मळ नव्हेच. वरच्या पुढच्या दातांचं कवच हिरडीच्या आत तयार होतं ते पहिल्या ४-५ वर्षांत. त्या काळात पाण्यातून फ्लोराइड जास्त गेलं की कवच कच्चं राहतं, आणि दात सातव्या-आठव्या वर्षी बाहेर येतो तो डाग घेऊनच. म्हणजे आज दिसतं ते पोरीनं रांगत्या-चालत्या वयात प्यायलेलं पाणी. राखुंडीनं फक्त दात झिजतो.

भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड चालतं. दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत. हे येतं खडकातून, म्हणून उथळ विहिरीपेक्षा खोल बोअरवर संशय अधिक. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. आणि 'पाणी उकळून प्या' हा आपला लाडका सल्ला इथे उलटा पडतो: पाणी आटतं, फ्लोराइड तेवढंच राहतं.

तोडगा नाही असंही नाही. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड खाली बसवायची 'नलगोंडा पद्धत' आपल्या नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेनंच बसवून दिली. पण रोज तुरटी मोजून टाकणार कोण, खालचा गाळ काढणार कोण, हा प्रश्न कुठल्याच अंदाजपत्रकात मावत नाही.

दंतशिबिरांवर माझा राग नाही. किडलेले दात हा वेगळा, तितकाच खरा रोग आहे. पाच रुपयांच्या गोळ्या-चॉकलेटांनी तो वाडीवस्तीवर पोचवलाय. त्यावर फ्लोराइडची पेस्टच कामाची. लहानग्याला वाटाण्याएवढी द्यावी, गिळू देऊ नये. पण त्या दिवशी तपासणीच्या कागदावर त्या पोरीपुढे 'दात अस्वच्छ' असा शेरा होता. 'पाणी कुठल्या हापशाचं?' असा रकानाच नव्हता. तो असता तर वर्गातल्या दातांवरूनच गावातले वाईट बोअर हुडकता आले असते.

निघताना हापसा पाहिला. पिऊ नये म्हणून कधीतरी फासलेला लाल रंग दांड्याजवळ तेवढा उरला होता. तीच पोरगी दांडा हापसत होती आणि तिचा धाकटा भाऊ, असेल दोन वर्षांचा, धारेखाली ओंजळ धरून पीत होता.